अंगावरचं दूध आणि माझा शब्द

सन दोन हजार अठरा. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मला तेव्हा अडुसष्टावं लागलेलं. खरं वय कोणालाच ठाऊक नाही. बापाने शाळेत नेऊन उभा केला, मास्तरांनी माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते बघितलं. पोचला, तसं वय लिहून टाकलं. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि मी म्हशी वळायला लागलो.

हरसूलच्या अलीकडे डोंगरात आमचं गाव. लग्नानंतर सातपूरला आलो, एका लहान कारखान्यात झाडू मारायला लागलो आणि बघून बघून लेथ शिकलो. माप घ्यायला मला कोणी शिकवलं नाही. शेवटी शेवटी तर डिप्लोमावाली पोरं हातात जॉब, म्हणजे लेथवर कातलेला भाग, घेऊन माझ्याकडे यायची, "नाना, जरा बघता का?" म्हणायची. तिथून माझ्या डोक्यात बसलं, की शिकलेल्याला जे पुस्तकातून कळतं ते मला नजरेनं कळतं. लेथवर ते खरं होतं. घरातही खरंच असणार असं मी धरून चाललो. घरात मला कोणी आडवं गेलं नाही, म्हणून ते तसंच चालत राहिलं.

घरात आम्ही चौघं. मी, माझी बायको, मुलगा आणि सून. मुली लग्न होऊन सासरी गेलेल्या. मुलगा सातपूरलाच कंपनीत शिफ्टला. सून बारावी झालेली, लग्नाआधीपासून एका कारखान्यात पॅकिंगला जायची. पोरगी बोलायला कमी पण हाताला चलाख. त्या वर्षी होळीच्या आसपास तिला मुलगी झाली. पहिली नात. मी पेढे वाटले, कोणी "मुलगी का?" म्हणालं तर त्याला पेढा न देता पुढे गेलो. हे मी अभिमानानं सांगतो, कारण पुढे सांगायचंय त्यात अभिमानासारखं काही नाही.

बाळंतपणाच्या दवाखान्यातच सिस्टरने सुनेला विचारलं होतं, की तांबी बसवायची का, म्हणजे दोन-तीन वर्षं काळजी नाही. सून म्हणाली, "घरी विचारते." घरी म्हणजे मला. मुलाने बाहेर येऊन मला सांगितलं, तेही मान खाली घालून. मी म्हणालो, "काही गरज नाय. पोर अंगावर पितंय तोवर बाईला दिवस जात नाहीत. देवानंच सोय केलेली हाय. उगाच अंगात तांबं-पितळ घालायचं नाय."

मुलगा आत गेला. विषय संपला.

आमच्या आईचं तसंच होतं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. आम्हा भावंडांत तीन तीन वर्षांचं अंतर, कारण प्रत्येकजण तीन वर्षांचा होईस्तोवर अंगावर प्यायला. आई रानात जायची ती पोर पाठीला बांधूनच, तेव्हा दिवसातून किती वेळा पाजायची त्याला मोजदाद नव्हती. एवढा पुरावा मला पुरेसा होता.

नात तीन महिन्यांची झाली आणि सून तिला डोस द्यायला महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेली. आली ती एक गोळ्यांचं पाकीट घेऊन. तिनं ते लपवलं नव्हतं, देवळीत डोसच्या कार्डावर ठेवलं होतं. मी कार्ड बघायला गेलो आणि हाताला पाकीट लागलं.

"हे काय?"

सून पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाईंनी दिलंय नाना. अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी वेगळ्या असतात म्हणे. दुधाला काय होत नाय."

"काय होत नाय हे तिला कोणी सांगितलं?"

"त्यांचं शिक्षणच ते हाय ना."

हे शेवटचं मला झोंबलं. मी चपला घातल्या, पाकीट खिशात टाकलं आणि सरळ दवाखान्यात गेलो. तिथं बायकांची रांग होती, कडेवर पोरं. मी रांग मोडून टेबलापाशी गेलो आणि पाकीट सिस्टरपुढे आपटलं.

"आमच्या घरात हे नको. पोरीचं दूध आटलं तर तुम्ही पाजणार का?"

सिस्टर चाळिशीची, अंगानं भरलेली, चष्मा कपाळावर. तिनं पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आजोबा, गोळ्या तुम्हाला दिल्या होत्या का?"

रांगेतल्या बायका फिस्सकन हसल्या. एक म्हणाली, "घ्या ना आजोबा, तुम्हाला पण काळजी नको!" त्यावर तर सगळी रांगच हसली.

माझे कान तापले. मी म्हणालो, "हसू नका. अंगावर पाजणारीला दिवस जात नाहीत, हे आमच्या अडाणी बायकांना पण माहीत होतं."

सिस्टर हसली नाही. खुर्ची सरकवून नीट माझ्याकडे वळली आणि बोटं मोजत म्हणाली, "ऐका. ते खरं असतं, पण तीन गोष्टी असल्या तरच. पोर सहा महिन्यांच्या आतलं पाहिजे. त्याला रात्रंदिवस फक्त अंगावरचंच पाहिजे, वरचं पाणीसुद्धा नको. आणि आईला पाळी परत आलेली नको. तीनपैकी एक जरी गेलं ना आजोबा, तर भरवसा गेला. तुमच्या सुनेला हे मी सगळं सांगितलंय. तिला कळलंय."

"मग मला पण कळलंय," मी म्हणालो आणि निघालो. पाठीमागून सिस्टर म्हणाली, "तिला पाठवा परत. इंजेक्शन पण असतं, जे तिला पाहिजे ते." मी वळून बघितलं नाही. तीन बोटं मात्र डोळ्यांपुढे राहिली. विसरलो असतो तर आज एवढं लागलं नसतं. मी विसरलो नव्हतो.

घरी आल्यावर सुनेला एवढंच सांगितलं, "परत दिलं." ती "बरं" म्हणाली आणि पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

पाचवा महिना लागला तसं उष्टावणाचं ठरलं. मुलीचं उष्टावण पाचव्या नाहीतर सातव्यात करतात आमच्याकडे. सातव्यापर्यंत थांबू, असं सून म्हणाली होती, डॉक्टरांनी सहा महिने काही देऊ नका सांगितलंय म्हणून. मी म्हणालो, पाचव्यातच. तिचा भाऊ गावाहून येणार होता, मामाच्या मांडीवर बसवून खीर चाटवायची, पंगत बसवायची. मला पंगत हवी होती. झालं. खिरीनंतर मग नागलीचं सत्त्व सुरू झालं. माझ्या बायकोनंच ते भिजवून, वाळवून, दळून ठेवलेलं. पोरगी वाटीभर खायची आणि झोपायची. अंगावर पिणं कमी झालं. मला तर कौतुक वाटलं. नात गुटगुटीत, रात्रभर झोपते.

सहावा संपल्यावर सून परत पॅकिंगला जाऊ लागली. सकाळी पाजून जायची, संध्याकाळी आल्यावर पाजायची. मधल्या वेळात सत्त्व, वरणाचं पाणी.

त्याच सुमारास एक दिवस बायको मला म्हणाली, मी ओट्यावर पेपर वाचत होतो तेव्हा, "अहो, तिला पाळी आलीय परत. ती म्हणू राहिली दवाखान्यात जाऊन येऊ का."

सासऱ्याला असलं कोणी सांगत नाही. तिनं सांगितलं म्हणजे सुनेनं तिला तसं सांगायला लावलं असणार, तिला माझी परवानगी हवी होती. आणि मला तेव्हा सिस्टरचं तिसरं बोट आठवलं. तिन्ही बोटं खाली गेली होती, एकामागून एक, माझ्या डोळ्यांसमोर, त्यातलं एक तर मीच खाली केलेलं. मी पेपर न खाली ठेवता म्हणालो, "मी एकदा सांगितलंय ना."

"आपल्या पहिल्या दोघांत सव्वा वर्षाचं अंतर हाय," बायको हळू आवाजात म्हणाली. "थोरली अंगावर पीत होती तेव्हा."

"मला नाय आठवत."

"तुम्हाला कसं आठवंल, तुम्ही शिफ्टला."

मी पान उलटलं.

मी त्या दिवशी फक्त एवढं म्हणायला हवं होतं, की जा. एक शब्द. पण दवाखान्यातल्या त्या रांगेतून सून पुन्हा जाणार, सिस्टर विचारणार, "आजोबांनी पाठवलं का?" आणि रांग पुन्हा हसणार. हे मला नको होतं. खरं कारण एवढंच. बाकी दूध आटेल, देवाची सोय, आईचं तीन वर्षांचं अंतर, हे सगळं वरून लावलेलं होतं.

नात आठ महिन्यांची झाली आणि सुनेला उलट्या सुरू झाल्या. मुलगा त्या आठवड्यात सेकंड शिफ्टला होता, दुपारी जायचा तो रात्री यायचा. बायकोनं मेडिकलमधून तपासायची पट्टी आणवली. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या उभं राहण्यावरूनच मला कळलं.

सून आत पाटावर बसली होती, पोरगी मांडीवर, पीत होती.

आता इथं माणसानं गप्प बसावं. मी गप्प बसलो नाही. चूक झाली की माझ्या तोंडून आणखी मोठ्या आवाजात हुकूम निघतो, ही माझी जुनी खोड. मी म्हणालो, "बरं, झालं ते झालं. पण आता हे दूध बंद करा. आजपासून."

सुनेनं वर बघितलं. "का नाना?"

"का म्हणजे? पोटात दुसरं असताना पहिल्याला पाजतात का? ते दूध बाधतं. आणि आतल्याला मग काय राहील? गाभण म्हैस आपण आटवतोच ना? नाय आटवली तर रेडकू मरतुकडं निघतं. मी म्हशी सांभाळल्यात. हे मला शिकवू नका."

"डॉक्टरला एकदा विचारते."

"विचार. पण तोवर बंद."

सून माझ्याकडे बघत राहिली. मग पोरीच्या तोंडातून हलकेच स्तन काढला, पदर ओढला. पोरीनं तोंड उघडून शोधलं आणि रडायला लागली.

मी स्वतः जाऊन गल्लीच्या टोकाच्या कडुलिंबाची डहाळी तोडून आणली. बायकोनं पाला वाटला. वाटताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तो कडू लगदा छातीला लावायचा, पोर तोंड लावतं, थुंकतं, दोन दिवसांत सोडतं. आमच्याकडे असंच तोडतात. पण असं तोडतात ते दीड-दोन वर्षांचं पोर, भाकरी चावणारं, अंगणात पळणारं. आठ महिन्यांचं नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी पोरीनं तोंड लावलं, चेहरा वाकडा केला आणि आईच्या तोंडाकडे बघितलं. रडली नाही. नुसतं बघितलं. मी दारातून बघत होतो आणि तिथून बाजूला झालो. दुसऱ्या दिवसापासून रडणं सुरू झालं. सुनेची छाती भरून दगड झाली. बायकोनं जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट आवळून बांधलं. सुनेला ताप चढला. पोरगी पलीकडच्या खोलीत रडली की इकडे फडकं भिजायचं. मला हे बायकोनं सांगितलं, मी बघितलं नाही. मी बाटली आणायला गेलो होतो. दुधाची बाटली मीच आणली, निळ्या झाकणाची, आणि गवळ्याला म्हशीचं अर्धा लिटर जास्त लावलं.

मुलानं विचारलं तर त्याला घरात काय सांगितलं गेलं? "दूध कमी झालंय." त्याला दिवस गेल्याचं कळलं होतं, तो आधीच घाबरलेला. दूध कोणी तोडलं हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

बाटली पोरीनं तीन दिवस घेतली नाही. चौथ्या दिवशी भुकेनं घेतली. सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. सातव्याला दिवसभर दुपटी वाळत घालायला दोरी पुरली नाही. आठव्या दिवशी सकाळी तिच्या डोळ्यांखाली खड्डे पडले, टाळू आत गेली आणि रडताना डोळ्यांत पाणीच येईना. सुनेनं कोणाला विचारलं नाही. पोरगी उचलली, नवऱ्याला उठवलं आणि दोघं गाडीवर बसले. मी आणि बायको मागून रिक्षानं गेलो.

गंगापूर रोडला मुलांचा एक दवाखाना आहे, तिथं भरती केलं. हाताला सलाईनची सुई लागत नव्हती, शेवटी पायाला लावली. पाय हलू नये म्हणून पट्टीनं बांधलेली फळी बाळाच्या पायापेक्षा मोठी दिसत होती. दुपारी डॉक्टरबाई आल्या. तरुण, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. फाईल बघितली, पोट दाबून बघितलं, मग सुनेला विचारलं, "वरचं दूध कधीपासून?"

"आठ दिवस झाले."

"आणि अंगावरचं?"

"तेव्हापासून बंद केलं."

"आठ महिन्यांच्या बाळाचं? का?"

सून म्हणाली, "मला दिवस गेलेत, म्हणून."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "कोणी सांगितलं तुम्हाला दिवस गेल्यावर पाजायचं नाही म्हणून? तुम्ही चांगलं खाल्लं, काही त्रास नसला, तर दोन्ही होतं. आणि एकदम सगळं वरच्या दुधावर? शिकलेल्या दिसताय तुम्ही. कोणी तोडलं दूध?"

खोलीत मी होतो, भिंतीला टेकून. बायको पोरीच्या उशाशी. मुलगा दारात.

सून म्हणाली, "मीच."

मी तोंड उघडलं नाही. आता तुम्ही म्हणाल शब्द फुटला नसेल. तसं नाही. शब्द तयार होता. "मी सांगितलं." दोन शब्द. मी ते जिभेवर आणले आणि तिथंच ठेवले, कारण ती डॉक्टरबाई मला त्या सिस्टरसारखीच दिसत होती, आणि दारात मुलगा उभा होता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि दिवस जाऊ नयेत म्हणून काही घेत नव्हतात?"

"नाय."

"का नाही घेतलं? मोफत मिळतं सगळं."

सुनेनं आमच्यापैकी कोणाकडेही बघितलं नाही. "मी दुर्लक्ष केलं," ती म्हणाली.

डॉक्टरबाई गेल्या. त्या गेल्या तसा मुलगा आत आला आणि सुनेवर ओरडला. दवाखान्यात ओरडायचं नसतं म्हणून तो दबक्या आवाजात ओरडत होता, त्यानं ते जास्त वाईट लागत होतं. "तुला अक्कल नाय का? कोणाला विचारायचं तरी! तुझ्या मनानंच सगळं? गोळ्या घ्यायच्या नाय, दूध तोडायचं, आणि पोरगी इथं..." त्याचा आवाज फुटला. सून सलाईनच्या थेंबांकडे बघत होती. एकदा फक्त तिची नजर वर आली, माझ्यावरून गेली, जशी भिंतीवरून जाते तशी, आणि परत थेंबांवर गेली.

मी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे रे. झालं ते झालं."

म्हणजे मी त्याला समजावलं. मोठा माणूस झालो.

संध्याकाळी मी आणि बायको घरी आलो, डबा करायला. ती पोळ्या लाटत होती, मी तव्याजवळ पाटावर बसलो होतो. मी म्हणालो, "ती 'मीच' असं का म्हणाली?"

"तुमच्यासाठी नाय म्हणाली," बायको म्हणाली. "तेवढं मोठं समजू नका स्वतःला. तिनं खरं सांगितलं असतं तर पोरानं तुमच्याशी भांडण काढलं असतं, तुम्ही महिनाभर जेवला नसता, आणि ह्याच घरात राहायचंय तिला. म्हणून म्हणाली."

तिनं पोळी तव्यावर टाकली आणि आज मागचं सगळं काढायचंच असं ठरवल्यासारखी म्हणाली, "तुम्ही म्हशींचं बोललात ना त्या दिवशी. बोलू का मी?"

"बोल."

"म्हैस कधी आटवतात? आठवा सरल्यावर. शेवटचे दोन महिने. तोवर पोटात असताना सुद्धा धार काढतोच ना आपण? सकाळ-संध्याकाळ. तुम्ही दुसऱ्याच महिन्यात आटवली."

मला ते खरंच आठवलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांमागं मी गावाकडे आठ म्हशी सांभाळलेल्या. ह्या एका गोष्टीत माझा शब्द शेवटचा असायचा, लांबून लोक विचारायला यायचे. आणि मी महिना चुकलो.

"आणि दुसरं," ती म्हणाली, पोळी फिरवून. "व्यालेली म्हैस दूध देत असताना गाभण जाते का नाय?"

मी खाली बघितलं.

"जाते ना? तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच माजावर येते, तुम्हीच रेडा बघायला जायचा. धार चालू असते तिची. तेव्हा नाय तुम्ही म्हणत की दूध देतीय, आता काय व्हायचं नाय. मग सुनेच्या वेळेला म्हशीचं का नाय आठवलं? आटवायच्या वेळेला बरं आठवलं."

पोळी फुगली, तिनं उतरवली, दुसरी टाकली. मी बसून होतो. लेथवर कधी जॉब बिघडला तर मी मशीन तपासायचो, मटेरियल तपासायचो, हत्यार बघायचो. आपलाच हात चुकला हे सगळ्यात शेवटी. इथं तपासायला दुसरं काही राहिलं नव्हतं. मला म्हशींचं ठाऊक होतं, सिस्टरनं बोटं मोजून सांगितलेलं होतं, बायकोनं आमच्याच घरचं उदाहरण दिलेलं होतं. अडाणी असतो तर चाललं असतं. मला सगळं माहीत होतं आणि मी सोयीचं तेवढं वापरलं.

"मी काय करू?" मी विचारलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारला असेन.

"मला काय विचारता," ती म्हणाली. "डबा भरा."

मी डबा भरला.

पोटातल्या त्या दुसऱ्या जिवाचं पुढे काय ठरलं, ते मी इथं लिहिणार नाही. ते सुनेनं ठरवलं, नवऱ्याला बरोबर घेऊन, डॉक्टरांना विचारून. माझ्याकडे कोणी परवानगी मागितली नाही, आणि मी होऊन मत दिलं नाही. ते लिहायचं असेल तर ती लिहील. मी फक्त माझं लिहितोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो, दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि एकटाच बसनं गंगापूर रोडला गेलो. डॉक्टरबाईंची सकाळची फेरी कधी असते ते मी आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. खोलीत गेलो तर मुलगा खुर्चीत पेंगत होता, सून कॉटवर पोरीजवळ बसलेली. पोरीचे जुलाब कमी झाले होते, डोळे उघडे होते. मी टोपी काढून हातात घेतली आणि दाराजवळ उभा राहिलो. सून म्हणाली, "बसा नाना." मी बसलो नाही.

डॉक्टरबाई आल्या, बरोबर एक सिस्टर. त्यांनी फाईल उघडली तोच मी म्हणालो, "बाई, एक सांगायचं होतं."

"बोला बाबा."

"काल तुम्ही विचारलं दूध कोणी तोडलं. मी तोडलं. हिनं नाय. ही डॉक्टरला विचारते म्हणाली होती, मी म्हणालो, तोवर बंद. पाला मी आणला, बाटली मी आणली. आणि गोळ्या पण हिला दवाखान्यातून मिळालेल्या, त्या मी परत नेऊन दिल्या. ती पुन्हा जाते म्हणाली, मी जाऊ दिलं नाय."

मुलगा उठून उभा राहिला. "नाना..."

"थांब. माझं होऊ दे." मग मी त्याच्याकडे वळलो, कारण हे डॉक्टरपेक्षा त्याला सांगायचं होतं. "तू काल तिला जे बोलला, ते मला बोलायला पाहिजे होतं. मी इथं भिंतीला टेकून ऐकत होतो. तुझ्या खांद्यावर हात ठेवला मी."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. मग तो सुनेकडे वळला, पण तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती पोरीच्या पायाची पट्टी सारखी करत होती.

डॉक्टरबाईंनी मला रागावलं नाही. मी त्याची तयारी करून गेलो होतो. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत," आणि लगेच सुनेकडे वळल्या. "ताई, थोडं तरी येतंय का अजून?"

"येतं थोडं," सून म्हणाली. "रडली की येतं."

"मग आत्ताच लावून बघा. दर दोन तासांनी लावत राहा. बाळ ओढत राहिलं की वाढेल. बाटली आता नाही, वाटी-चमचा. तुमचं स्वतःचं काय ते आपण निवांत बोलू, तुम्ही सांगाल तेव्हा."

सुनेनं मान हलवली आणि पोरीला उचललं, सलाईनची नळी सांभाळत. सिस्टरनं पडदा ओढायला हात घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी बाहेर जाऊन थांबलो.